ओमानचा आयकर: बाकीच्या आखाताने हाच रस्ता धरावा का?

मस्कतकर: जून 2025 मध्ये ओमानने वैयक्तिक आयकराचं फर्मान काढलं. जानेवारी 2028 पासून वर्षाला 42,000 रियालच्या (सुमारे 1 लाख 9 हजार डॉलर) वरच्या कमाईवर 5 टक्के. आखातात हे पहिल्यांदाच. आपले बरेच लोक हादरलेत, मला मात्र निर्णय पटतो. तेलाचा भाव कोसळला की तिजोरी आटते आणि पैसा कुठून तरी काढावाच लागतो. सौदीने जुलै 2020 मध्ये व्हॅट एका फटक्यात 5 वरून 15 टक्के केला. तांदळाच्या पोत्यावर बांधकामावरचा मजूरही तोच दर भरतो आणि बँकेचा मोठा साहेबही. त्यापेक्षा वरच्यांकडून घेतलेलं काय वाईट?

दुबईकर: कर भरणाऱ्याला बदल्यात काही मिळायला हवं ना? मुलांच्या खासगी शाळेची फी आपल्याच खिशातून, पेन्शन नाही, नोकरी गेली की व्हिसाही जातो. शेवटी ग्रॅच्युइटी तेवढी हातात पडते. दुबईत घरभाड्याच्या 5 टक्के पालिकेचा आकार वीज-पाण्याच्या बिलातून जातोच, सालिकचा टोल वेगळा. वर आणखी आयकर कशाला?

मस्कतकर: अहो, टोल काय किंवा व्हॅट काय, पगार बघून लागत नाही. हा कर लागतो. 50,000 रियाल कमावणाऱ्याला वरच्या 8,000 वर भरायचे 400. एवढं त्याला नक्कीच झेपतं.

वाशिष्ठीकाठ: आज 400. सौदीचा व्हॅट 2018 च्या जानेवारीत 5 टक्क्यांनीच सुरू झाला होता, अडीच वर्षांत तिप्पट झाला. उदाहरण तुम्हीच दिलंत. यंत्रणा उभी राहिली की मर्यादा खाली आणायला एक फर्मान पुरतं, आणि परदेशी माणसाला तिथे मत नाही. माझा भाऊ तिकडे सुपरवायझर आहे. उद्या त्याच्यापर्यंत पोचलं तर तो कुणाला जाब विचारणार?

मस्कतकर: ताई, ही भीती रास्त आहे. म्हणूनच मर्यादा महागाईबरोबर वाढत जाईल असं कायद्यातच हवं, आणि या कराचा पैसा कुठे खर्च झाला ते दरवर्षी जाहीर व्हायला हवं. पण कर नको म्हटलं तर बोजा पुन्हा व्हॅटवरच येणार, आणि तो तुमच्या भावाला आजही लागतो.

दुबईकर: मग कंपन्यांवर लावा. अमिरातीत जून 2023 पासून 3,75,000 दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के आहेच.

मस्कतकर: ओमानमध्ये कंपनीकर आधीच 15 टक्के आहे. तेल पडलं की कंपन्यांचा नफाही पडतो. मोठे पगार तितके पडत नाहीत.

वाशिष्ठीकाठ: पगार पडत नाहीत, माणसं परत पाठवतात. 2020 मध्ये किती जण परतले ते आठवा.