निसेन की आतड्यापर्यंतची नळी?

ताई, सेरेब्रल पाल्सीवाल्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) लेकाच्या पोटातलं वर येऊ नये म्हणून निसेन ही शस्त्रक्रिया करावी की दूध देण्यासाठी लहान आतड्यापर्यंत जाणारी नळी बसवावी, असं तुम्ही विचारलंत. माझ्या भाच्याचं निसेन मिरजेत झालं, म्हणून लिहितोय.

निसेनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण 360 अंश गुंडाळतात. उलट्या थांबल्या, पण पोराला ढेकरही येईना! पोट नगाऱ्यासारखं, वर कोरडे उमासे. बहीण त्याच्या जठरात दूध देण्यासाठी बसवलेल्या नळीला सिरिंज लावून हवा काढायची. मेंदूचा त्रास असलेल्या मुलांत हा गुंडाळा सैल पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलं नाही.

आतड्यातल्या नळीला पोटाची मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. पण दूध पंपाने तासन् तास थेंबथेंब द्यायचं, आणि नळी सरकली की पुन्हा एक्स-रेखाली बसवायची. तासगावहून दर वेळी मिरज गाठायचं म्हणजे आख्खा दिवस गेला.

आणखी एक, वारंवार न्यूमोनिया होत असेल तर तो लाळ श्वासनलिकेत गेल्यानेही असू शकतो. ते या दोन्हींनी थांबत नाही. आधी गिळण्याची तपासणी मागून घ्या.