गाडी स्वतःच ब्रेक मारते, सेटिंग कसं ठेवू?

मंडळी, मदत हवी आहे. नव्या गाडीत टक्कर टाळणारं ऑटो ब्रेकिंग आहे. काल सायनजवळ एक रिक्षा कट मारून पुढे घुसली आणि माझा पाय ब्रेकवर जायच्या आत गाडी कचकन थांबली. बाबांचा चहा सगळा शर्टावर! मागचा टॅक्सीवाला जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधलं ७७ गिगाहर्ट्झचं रडार मिळून अंतर, वेग मोजतात, एवढं कळलंय. पण आपल्याकडे दोन गाड्यांत वीतभर जागा, तिथे ते बिचारं काय करणार? सेटिंगमध्ये इशारा ‘उशिरा’वर ठेवला तर ब्रेकही उशिरा लागतो, की फक्त पीं-पीं? पावसात बंपर चिखलाने माखला तर? बंद करायला बाबांचाच विरोध आहे, चहा सांडूनही.