रोज घालायला टॅक्टिकल पँट कशी वाटते? टिकते का?

पायवाट:
माझी प्रत्येक जीन्स मांड्यांच्या आतल्या बाजूने विरते, बाकी पँट धडधाकट आणि तेवढंच कापड गेलेलं. काम असं की सारखं उकिडवं बसायचं, जिने चढायचे, वर बाईक. टॅक्टिकल पँट, म्हणजे ती पोलीस-सैनिकांच्या धर्तीची मजबूत, भरपूर खिशांची पँट, घ्यायचा विचार आहे पण कुठे रिपस्टॉप लिहिलंय, कुठे कॅनव्हास, कुठे स्ट्रेच, काहीच कळेना. दिवसभर घालून उकडतं का? वापरणाऱ्यांनी सांगा प्लीज.

उलटी_शिवण:
पँट घेताना आधी उलटी करून जांघेत बघा, खिसे नंतर मोजा. साध्या पँटला तिथे चारही शिवणी एकाच बिंदूवर येतात आणि बसताना सगळा ताण त्या एका ठिकाणी पडतो. चांगल्या टॅक्टिकल पँटला तिथे डायमंडच्या आकाराचा वेगळा तुकडा लावलेला असतो, गसेट म्हणतात त्याला, त्याने ताण वाटला जातो आणि पाय फाकवला तरी कापड ओढत नाही. या पँटी मुळात गिर्यारोहणातून आल्यात, रॉयल रॉबिन्स या अमेरिकन क्लाइंबरच्या कंपनीची पँट एफबीआयच्या ट्रेनिंगमध्ये लोकप्रिय झाली आणि तिथून हा प्रकार पसरला, म्हणून पाय मोकळा हलणं हाच तिचा खरा गुण. गसेट नसेल तर ती नुसती कार्गो, म्हणजे मांडीवर खिसे लावलेली साधी पँट समजा. खिशांच्या कोपऱ्यांना आणि बेल्टच्या लूपला बारटॅक म्हणजे ते दाट टाके आहेत का तेही बघून घ्या.

सुतीधागा:
वरचं सगळं बरोबर पण रिपस्टॉपबद्दल लोकांचा फार गैरसमज असतो म्हणून लिहितोय. त्यात ठराविक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, त्या बारीक चौकटी दिसतात ना त्या त्याच. खिळ्यात अडकून भोक पडलं तर ते पुढे फाटत जात नाही, एवढंच त्याचं काम. तुमचा त्रास घासण्याचा आहे, तिथे चौकटींचा उपयोग नाही, तिथे धागा कसला आणि कापड किती जाड ते महत्त्वाचं. नायलॉन घासायला सगळ्यात चिवट, अमेरिकन सैन्याच्या गणवेशातही निम्मं नायलॉन निम्मं कॉटन असतं. बाजारात जास्त करून ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के कॉटन मिळतं, लवकर वाळतं, चुरगळत नाही, पण पूर्ण सुती कापडाइतका घाम शोषत नाही. उकाड्यात २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचं बघा, २८० च्या वरचं थंडीत ठीक.

पायवाट:
वा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग स्ट्रेचवाली घेऊ का? खिशांचं काय?

उलटी_शिवण:
२-३ टक्के स्पँडेक्स (तो ताणला जाणारा धागा) चालेल, आरामात खरंच फरक पडतो. फक्त गरम पाणी आणि ड्रायर टाळा, उष्णतेने ते लवकर सैल पडतं आणि गुडघ्याला फुगे येतात.

दगडधोंडे:
माझं मत वेगळं आहे, गसेट असेल तर स्ट्रेच लागतच नाही आणि बिनस्ट्रेचचं कापड मांडीला जास्त टिकतं हा माझा अनुभव. आणि मांडीवरच्या खिशात जड काही ठेवू नका हो, चालताना ते हेलकावे खातं आणि कंबर खाली ओढली जाते, मोबाईल पुढच्या खिशातच बरा. झाकणाला वेल्क्रोऐवजी बटण असलेली बघा, वेल्क्रोत धुताना दोरे-केस अडकतात आणि मग ते चिकटत नाही. वेल्डिंग-ग्राइंडिंगजवळ काम असेल तर पॉलिस्टर-नायलॉन नकोच, ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं, तिथे जाड सुती कॅनव्हासच घाला.

पायवाट:
ठिणग्या नाहीत, धूळ भरपूर. गसेटवाली, नायलॉन-कॉटन, बिनस्ट्रेच बघतो आधी.