मदत हवी आहे: आईस मेकरमधून पोकळ, लहानमोठे खडे पडताहेत (नेरूळ)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे साइड-बाय-साइड फ्रीज आहे, मागून पाव इंची नळीने थेट पाणी जोडलेलं. वाशीच्या जुन्या घरी, पहिल्या मजल्यावर, आईस मेकरने कधी कुरकूर केली नाही. दिवाळीनंतर आम्ही नेरूळला राहायला आलो. सातवा मजला, डोक्यावर थेट गच्ची. इथे सुरुवातीपासूनच खडे जरा बारीक पडत होते, आता तर कहर झालाय. काही नखाएवढे. काही बाहेरून छान टणक दिसतात, पण चमचा टेकवला की पातळ कवच फुटतं आणि आतून पाणी येतं. मधूनच काहीच पडत नाही. रात्री उशिरा त्यातल्या त्यात बरे पडतात.

घाई एवढ्यासाठी की सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे. दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलंय. तहान लागली की त्या पाण्याऐवजी बर्फाचा खडा चघळतात, तोंड बराच वेळ ओलं राहतं. पण बर्फही पाण्यातच धरावा लागतो. जुन्या घरी एक खडा औषधाच्या मापात वितळवून बघितला होता, 15 मिली भरला. मग दिवसभराचे खडे मोजले की हिशेब लागायचा. आता प्रत्येक खडा वेगळा, त्यामुळे त्या भीतीने खडा मागायचंच टाळतात. ओठ कोरडे पडलेले दिसतात, पण ‘नको गं’ म्हणतात. मला ते बघवत नाही.

फ्रीझर उणे 18 वर आहे, आइस्क्रीम दगडासारखं राहतं. दार नीट लागतं, बर्फ बंद करायचं बटण दाबलेलं नाही, बर्फ साठतो त्या डब्यात काही अडकलेलं नाही. दाराच्या नळाला पाणी येतं, पण धार बारीक. कंपनीचा माणूस पाच मिनिटं बघून ‘पूर्ण आईस मेकर बदला’ म्हणाला. एवढा खर्च करण्याआधी घरी काय तपासता येईल?

सीवूड्सकर
ताई, आधी फिल्टर बघा. सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर तो तुंबला असणार. काही फ्रीजमध्ये फिल्टर काढला तरी पाणी चालू राहतं, काहींना त्या जागी बायपास प्लग (फिल्टरशिवाय पाणी पुढे जाऊ देणारं बूच) लावावा लागतो. तसं करून दाराच्या नळाची धार वाढते का बघा.
दुसरं, मोरबे धरणाच्या लाइनचं शटडाऊन झालं की नंतरचं पाणी गढूळ येतं. नळी फ्रीजच्या मागे जिथे व्हॉल्व्हला जोडते तिथे आत बारीक जाळी असते, गाळ तिथे अडकतो. फ्रीजचा प्लग काढून, अँगल कॉक बंद करून मगच नळी सोडवा. जाळी जुन्या टूथब्रशने साफ होते.

ठाणेकरीण
माझ्या वडिलांचंही डायलिसिस होतं, त्यामुळे फ्रीज राहू दे, आधी आजच्या रात्रीचं बघू. साधा बर्फाचा ट्रे घ्या आणि सुई नसलेल्या सिरिंजने प्रत्येक खणात 10 मिली पाणी भरा. खडे एकसारखे होतात. सकाळी दिवसाचे खडे मोजून एका डबीत काढून ठेवा आणि डबी त्यांच्याच ताब्यात द्या. कधी खायचा ते त्यांचं त्या ठरवतील, कुणाला विचारायला नको. आमच्याकडे याने फार फरक पडला.

जुना मेकॅनिक
ताई, आईस मेकर बदलू नका. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: पहिल्या मजल्यावर चालत होता, सातव्यावर चालत नाही.
मशीन पाणी मोजून घेत नाही. व्हॉल्व्ह ठरावीक सेकंद उघडतो, तेवढ्यात आलं तेवढं पाणी ट्रेमध्ये. प्रेशर कमी तर पाणी कमी. बहुतेक फ्रीजना निदान 20 पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप) लागतं. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा 10 मीटर वर असेल तर सुमारे 14 पीएसआय मिळतं, म्हणजे 20 साठी 14 मीटर हवेत. तुमच्यावर टाकी असेल चार-पाच मीटर. गच्चीवरून नुसत्या उताराने पाणी येणाऱ्या बिल्डिंगमध्ये वरच्या तीन-चार मजल्यांना हा त्रास असतोच. रात्री खालचे नळ बंद असतात, म्हणून तेव्हा थोडं बरं.
शिवाय हा व्हॉल्व्ह घट्ट बंद व्हायलाही पाण्याचा दाब लागतो. दाब नसला की थेंब थेंब गळतं आणि ट्रेवरच्या तोंडाशी गोठून नळीत बूच बसतं. मधूनच काही पडत नाही ते त्यामुळे. ते बूच टोकदार वस्तूने फोडू नका, नळी चिरते. फ्रीज बंद करून कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं पिळून लावा.
प्लंबरकडून दाब मोजायचा गेज लावून घ्या, दहा मिनिटांचं काम.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. जाळीत तांबूस रेती निघाली. ती काढून आणि फिल्टर बाजूला करून धार किंचित वाढली, पण खडे तसेच. काल प्लंबरने गेज लावला: 6 पीएसआयच्या जरा वर! दादा, तुम्ही न बघता सांगितलंत. ट्रेवरच्या नळीतही बर्फाचं बूच होतं, ते वितळवलं.
ताई, सिरिंजचे खडे त्याच रात्री केले. डबी सासूबाईंच्या उशाशी थर्मासमध्ये असते आणि त्या आता स्वतः हिशेब ठेवतात.
पंप लावायचा तर कोणता? प्लंबर आरओचा पंप लावू म्हणतोय.

जुना मेकॅनिक
आरओचा साधा बूस्टर पंप दाब देतो, पण पाणी फार कमी सोडतो. व्हॉल्व्ह उघडा असतो त्या थोड्या सेकंदांत ट्रे भरणार नाही. प्रेशर स्विचवाला, म्हणजे दाब घसरला की आपोआप चालू होणारा, छोटा डायफ्राम पंप घ्या, मिनिटाला तीन-चार लिटर देणारा. आरओचाच लावायचा असेल तर पुढे छोटी प्रेशर टाकी हवी. पंपाच्या आधी गाळाचा फिल्टर लावा, जोड रात्रभर कोरडे राहतात का बघा, आणि घराबाहेर जाताना कॉक बंद करत जा. फ्रीजचा फिल्टर जुना असेल तर नवाच घाला.
चालू झाल्यावर पहिले दोन-तीन घाणे टाकून द्या. नंतरचे चार-पाच खडे पुन्हा मापात वितळवून बघा. 15 मिलीचा जुना आकडा धरू नका, इथे वेगळा येऊ शकतो.