मदत हवी आहे: स्वतःच्याच साइटमध्ये लॉगिन होत नाहीये (तातडीचं, रविवारी कानबाई आहे)

गौराई_चोपडा | बुधवार, रात्री ९.४०

कालपासून डोकं धरून बसलेय. वर्डप्रेसमध्ये लॉगिनच होत नाही. प्लगइन बिघडलंय बहुतेक. रविवारी कानबाईचा सण, सतरा गाणी टाइप करून तयार आहेत आणि मला आत जाता येत नाही. मागच्या महिन्यात होस्टिंगवाल्यांची 'पीएचपी बदलतोय' अशी मेल आली होती, त्यांनीच काहीतरी घोळ घातला असणार. कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा. 'प्लगइन काढून पुन्हा टाका' हे कृपया सांगू नका. आत गेल्याशिवाय टाकू कुठून?

भुसावळ_यार्ड | ९.५२

कोणतं प्लगइन? वर्डप्रेस स्वतःच्या होस्टिंगवर आहे की वर्डप्रेस डॉट कॉमवर? पांढरा पडदा येतो, एरर येतो की पासवर्ड चूक म्हणतं? शेवटचं लॉगिन कधी जमलं होतं? यातलं एकही सांगितलं नाहीत ताई.

धुळे_सर्व्हर | ९.५८

पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ७ वरून ८ झालं असेल तर दुसरीकडे शोधूच नका. क्रिएट_फंक्शन आणि ईच ही दोन्ही फंक्शनं ८.० मध्ये काढून टाकली, जुनी प्लगइनं तिथेच आडवी होतात. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जा, डब्ल्यूपी-कंटेंटच्या आत प्लगइन्स फोल्डर असतं, त्यातल्या बिघडलेल्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. नाव बदललं की वर्डप्रेसला ते सापडतच नाही आणि साइट उठते. वीसेक साइट अशाच उठवल्यात मी.

केळीचा_घड | १०.०५

ताई, हे झेंगट सोडा. फेसबुकवर पेज काढा, फोनवरून गाणी टाका, पाच मिनिटांचं काम. कानबाईची गाणी ऐकायची असतात, वाचतं कोण? आमची काकू रात्रभर म्हणते, तिचा व्हिडिओ टाकला तर दोन दिवसांत अख्ख्या रावेर तालुक्यात फिरला.

गौराई_चोपडा | १०.२०

स्वतःचं होस्टिंग आहे. प्लगइन इंडीऑथ. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आखाजीची गाणी टाकली तेव्हा सगळं नीट होतं. साइट दिसते, सगळी पानं उघडतात, फक्त मला आत घेत नाही.

केळीचा_घड दादा, पेज आहे आधीपासून. तिथे टाकलेलं गाणं चार दिवसांनी मलाच सापडत नाही. आणि वाचणारे आहेत. सुरतेला राहणाऱ्या आपल्या बायका दरवर्षी विचारतात, शब्द पाठवा म्हणून.

भुसावळ_यार्ड | १०.२६

साइट दिसतेय म्हणजे पीएचपीचं कारण जवळजवळ बाद. प्लगइन तसं मेलं असतं तर पानंही उघडली नसती. शिवाय वर्डप्रेस ५.२ पासून असं काही झालं की रिकव्हरी मोडची (बिघाडातही आत शिरायची) लिंक अ‍ॅडमिनच्या मेलवर येते. आली का?

गौराई_चोपडा | १०.३१

नाही आली. पण त्या पत्त्यावर सध्या काहीच येत नाही.

जुनं_खोड | १०.४८

इंडीऑथ! स्वतःच्या वेब पत्त्याने लॉगिन! म्हणजे आपल्या जातीचं कुणीतरी भेटलं. नव्या पोरांसाठी सांगतो. २००५ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिकने ओपनआयडी काढलं. त्याच्या आधी प्रत्येक साइटवर वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. ओपनआयडीत तुमचा वेब पत्ता हीच तुमची ओळख. त्यात मला सर्वात आवडायचं ते डेलिगेशन. आपल्या पानाच्या डोक्यावर दोन ओळी टाकायच्या, 'माझी खातरजमा अमुक सेवेकडून करून घ्या' म्हणून. सेवा बंद पडली तर त्या दोन ओळी बदलायच्या, पत्ता तोच. २०१४ च्या फेब्रुवारीत मायओपनआयडी ही सेवा बंद झाली तेव्हा ज्यांनी डेलिगेशन केलं होतं ते मजेत होते, बाकीचे हात चोळत बसले. पुढच्याच वर्षी गूगलनेही ओपनआयडी २.० बंद केलं. आता 'गूगलने लॉगिन करा' बटण दाबता ते ओपनआयडी कनेक्ट, नाव तेच, पण त्यात तुमचा पत्ता कुठेच नाही. आधीचा सातबारा आपल्या नावावर होता, आता भाड्याची खोली.

तापी_पूर्णा | ११.०२

खोडकाका, अर्धंच बरोबर. ओपनआयडी कनेक्टसुद्धा स्वतःच्या डोमेनवर चालवता येतं, कुणी अडवलेलं नाही. फक्त समोरच्या साइटने तुमचा सर्व्हर स्वीकारला पाहिजे, आणि ते कुणी करत नाही. दोष प्रोटोकॉलचा नाही. आणि इंडीऑथ म्हणजे ओपनआयडीचा वारस वगैरे नाही, ते ओऑथ २ वर बांधलेलं आहे.

जुनं_खोड | ११.०९

ओऑथ म्हणजे लॉगिन नव्हे, परवानगी. हे तुलाही माहीत आहे.

तापी_पूर्णा | ११.११

म्हणूनच तर त्याच्यावर इंडीऑथ बांधलं ना!

धुळे_सर्व्हर | ११.१५

फोल्डरचं नाव बदललं का?

यावलचा_पोऱ्या | ११.३०

ताई, होस्टिंगच्या सीपॅनलचा युजरनेम पासवर्ड व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोन मिनिटांत करून देतो.

भुसावळ_यार्ड | ११.३३

अजिबात देऊ नका. कुणालाच. मलाही नाही.

यावलचा_पोऱ्या | ११.३६

मदत करायला गेलं तर चोर ठरवतात. चालू द्या.

वांग्याचं_भरीत | गुरुवार, सकाळी ७.१०

गाणी अहिराणीत आहेत का? असतील तर एक विनंती, त्यांना 'खानदेशी बोलीतली गाणी' लिहू नका. आमच्याकडे लेवा गणबोली बोलतात, ती वेगळी. लोक बहिणाबाईंच्या कवितासुद्धा सरसकट अहिराणी म्हणून टाकतात. असोद्याच्या (बहिणाबाईंचं माहेर) माणसाला विचारा जरा.

केळीचा_घड | ७.२५

+१. आणि 'शे' (अहिराणीतलं 'आहे') शोधून दाखवा म्हणावं बहिणाबाईंत.

अमळनेरवाली | ७.४०

सकाळी सकाळी सुरू झाले. ताईचं लॉगिन राहिलं बाजूला. (अवांतर: तुमच्याकडे कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच खातात का? सासरी बाहेरच्याला देत नाहीत, माहेरी कुणालाही देतात. माझी दरवर्षी पंचाईत होते.)

भुसावळ_यार्ड | ८.०५

ड्यूटीवरून आलो, रात्रभर एक गोष्ट डोक्यात घोळत होती. 'त्या पत्त्यावर सध्या काहीच येत नाही' असं तुम्ही जाता जाता म्हणालात. का येत नाही? आणि लॉगिनच्या रकान्यात तुम्ही नक्की काय टाकता, युजरनेम की वेब पत्ता? जो एरर दिसतो तो शब्द न् शब्द लिहा.

गौराई_चोपडा | ९.१५

शाळेत निघालेय, घाईत लिहिते. मी युजरनेम टाकतच नाही. माझ्या नावाचं एक वेगळं डोमेन आहे, त्यावर एकच पान, माझा फोटो आणि गिटहबची लिंक. लॉगिनला तो पत्ता टाकायचा, मग ते गिटहबवर नेतं, तिथे हो म्हटलं की आत. पाच वर्षं असंच चाललंय. पासवर्डचा रकाना मी एका छोट्या प्लगइनने लपवून टाकला होता, कारण रोज शेकड्याने कुणीतरी पासवर्ड मारून बघायचं. एरर असा आहे की ऑथोरायझेशन एंडपॉइंट सापडत नाही. मेलही त्याच नावाच्या डोमेनवर आहे. हे सगळं सांगायला हवं होतं का?

भुसावळ_यार्ड | ९.१८

हो!!! ते नावाचं डोमेन आत्ता ब्राउझरमध्ये उघडून बघा.

गौराई_चोपडा | दुपारी १.५०

मधल्या सुट्टीत बघितलं. माझा फोटो नाही. कसल्या तरी जाहिराती आहेत, विमा आणि गाडीचे टायर.

जुनं_खोड | २.०५

अरे देवा.

भुसावळ_यार्ड | २.१०

सापडलं. डोमेनची मुदत संपलीय. प्लगइन ठणठणीत आहे, पीएचपीही. तुम्ही पत्ता टाकता तेव्हा साइट ते पान उघडते आणि 'हिची खातरजमा कुठे करायची' ही ओळ त्यात शोधते. तिथे आता टायरची जाहिरात आहे, ओळ कुठून सापडणार? आणि मुदत संपल्याच्या सूचना ज्या मेलवर आल्या असत्या ती मेलही त्याच डोमेनवर होती. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. पैसे कोण भरायचं?

गौराई_चोपडा | ५.३५

भाचा. पुण्याला असतो. पूर्वी त्याच्या कार्डावरून आपोआप कटायचे. मग ते बंद झालं आणि तो दर जूनमध्ये हाताने भरायचा. या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. आत्ता फोन केला तर म्हणतो, 'मावशी, विसरलोच.' १० जूनला संपलंय. पन्नास दिवस झाले.

धुळे_सर्व्हर | ५.५०

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मॅन्डेटचा नियम लागू झाला, तेव्हापासून परदेशी कंपन्यांचे आपोआप कटणारे पैसे बऱ्याच कार्डांवर अडकतात. माझे दोन क्लायंट असेच गेले. (माझा अंदाज चुकला, मान्य. पण फोल्डरचं नाव बदलावंच लागणार आहे, बघाल.)

तापी_पूर्णा | ६.०५

डॉट कॉम असेल तर हूइज (डोमेनची नोंद) बघा. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात भरता येतं, ते किती दिवस ते कंपनीवर, जास्तीत जास्त ४५. मग ३० दिवस रिडेम्प्शन, त्यात मिळतं पण दंड लागतो. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, तेव्हा कुणालाच हात लावता येत नाही. त्यानंतर बाजारात खुलं.

आणि गंभीर गोष्ट. ते डोमेन उद्या दुसऱ्या कुणी घेतलं आणि त्यावर त्याची ओळ टाकली, तर तो तोच पत्ता टाकून तुमच्या साइटवर अ‍ॅडमिन म्हणून आत येईल. पासवर्ड बदलायची मेलही त्यालाच जाईल. गाणी राहू द्या, आधी हे करा.

भुसावळ_यार्ड | ६.२०

बरोबर. ताई, होस्टिंगचं सीपॅनल उघडतं ना? त्याचा पासवर्ड वेगळा असतो. आता असं करा.

आधी फाइल मॅनेजरमधून रकाना लपवणाऱ्या त्या छोट्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला (धुळेकर, खूश?). पासवर्डचा रकाना परत दिसेल. मग पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडा, डाव्या बाजूला तुमचा डेटाबेस, त्यात युजर्सने संपणारा तक्ता. सुरुवातीला डब्ल्यूपी असेल किंवा दुसरं काही, घाबरू नका. तुमच्या नावाच्या ओळीत एडिट. युजर_ईमेलमध्ये चालू असलेला पत्ता लिहा. युजर_पासमध्ये आधीची अगम्य अक्षरं पुसून नवा पासवर्ड लिहा आणि शेजारच्या फंक्शनच्या यादीतून एमडी५ (पासवर्डची सांकेतिक अक्षरं, म्हणजे हॅश, करायची जुनी रीत) निवडा. ते निवडायला विसरलात तर लॉगिन होणार नाही, निम्मे लोक तिथेच अडकतात. त्याच ओळीत युजर_यूआरएल आहे, त्यात जुनं डोमेन असेल तर तेही पुसा.

सुरू करायच्या आधी एक्स्पोर्ट दाबून डेटाबेसची प्रत उतरवून घ्या.

जुनं_खोड | ६.३१

एमडी५? या जमान्यात?

भुसावळ_यार्ड | ६.३४

काका, पहिल्या लॉगिनला वर्डप्रेस स्वतःच तो हॅश बदलून पक्का करतं. ६.८ पासून तर बीक्रिप्ट ही जास्त पक्की रीत आहे. एमडी५ फक्त दारातून आत शिरेपर्यंत.

केळीचा_घड | ७.००

एवढ्या वेळात फेसबुकवर सतराच्या सतरा गाणी टाकून झाली असती.

तापी_पूर्णा | ७.१५

ताई, यापुढे पासकी (पासवर्डऐवजी फोनमधली किल्ली) वापरा. डोमेन नको, मेल नको, अंगठा लावला की झालं.

जुनं_खोड | ७.२२

आणि फोन विहिरीत पडला की?

अमळनेरवाली | ७.३०

माझ्या रोटांचं कुणीच सांगितलं नाही.

गौराई_चोपडा | शुक्रवार, रात्री १०.१५

गेले आत!! आधी एमडी५ निवडायला विसरले, म्हणजे त्या निम्म्या लोकांत मीही. दुसऱ्यांदा झालं. नऊ गाणी टाकली, बाकीची उद्या. प्रोफाइलमधलं जुनं डोमेन काढलं, मेल बदलली. भुसावळ दादा, तापी दादा, धुळे दादा, खरंच उपकार.

डोमेन रिडेम्प्शनमध्येच आहे. हजारभराच्या कामाला नऊ हजार सांगतायत. भाचा म्हणतो, सोडून दे, दुसरं घेऊ. मी म्हटलं तूच भर, आहेराचे आलेत ना. पण खरं विचाराल तर दुसऱ्या किती ठिकाणी मी त्या पत्त्याने लॉगिन केलं होतं ते मलाच आठवत नाही, म्हणून सोडायला भीती वाटते.

अमळनेरवाली ताई, आमच्याकडे रोट भाऊबंदकीतच. पण पोरीबाळी माहेरी आल्या असतील तर आई डोळेझाक करते.

तापी_पूर्णा | १०.२४

नऊ हजार भरा. पुढच्या वेळी एकदम दहा वर्षांचे भरून टाका आणि सूचनेची मेल दुसऱ्या डोमेनवर ठेवा.

वांग्याचं_भरीत | १०.४०

गाणी वाचली. छान आहेत. तिसऱ्यात 'कानबाई' आणि 'कानुमाता' दोन्ही आलंय, एकच ठेवा की.

गौराई_चोपडा | १०.४४

आजी दोन्ही म्हणायची. तसंच राहील.

नंदुरबार_२४ | शनिवार, सकाळी ६.५५

ताई, 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक करून बघितलं का?