बॅटरी छातीशी ठेवा, आणि नद्यांसाठी विमानाचे पैसे राखून ठेवा

दादा, आइसलँडच्या थंडीत ड्रोन चालतो का, असं तुम्ही विचारलंय. चालतो, पण बॅटरी दगा देते. लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि व्होल्टेज एकदम खाली येतं. मागच्या फेब्रुवारीत माझ्या रिमोटवर ५८ टक्के दिसत होते, ड्रोन वर गेला आणि दोन मिनिटांत इशारा वाजायला लागला. तेव्हापासून बॅटऱ्या स्वेटरच्या आत. उडवल्यावरही मिनिटभर डोक्याच्या उंचीवर नुसता तरंगत ठेवायचा, म्हणजे बॅटरी ऊब धरते.

हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. पावसाळ्यात चोर्ला घाटात एसी गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते ना, तसंच होतं. फोटोत बर्फ करडा दिसला तर एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). वात्नायोकुल राष्ट्रीय उद्यानात ड्रोनची परवानगी आधी काढावी लागते.

पण खरं सांगू? दक्षिण किनाऱ्यावरच्या हिमनद्यांतून निघालेल्या नद्या पाहायला छोट्या विमानातूनच जा, ड्रोनच्या १२० मीटरच्या मर्यादेत त्यांचा पसारा मावत नाही. हिमनदीने दळलेल्या खडकाची पिठासारखी माती पाण्यात मिसळते, आणि काळ्या वाळूवर दुधट, पिवळे, निळसर धागे एकमेकांत गुंतत समुद्राला मिळतात. मी खानापूरचा, पहिल्या पावसात भाताच्या खाचरातून वाट फोडणारं गढूळ पाणी लहानपणापासून बघितलेलं. वरून या नद्या तशाच दिसल्या आणि डोळे भरून आले. विमानातून फोटो काढताना शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद ठेवा, खिडकी उघडते का ते बुकिंगच्या वेळीच विचारा.