मदत हवी आहे: कीक्लोकमध्ये लॉगिन होतंय, पण अ‍ॅप परत लॉगिन पेजवरच फेकतंय

मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ईआरपी, हजेरी आणि स्टोअर तिन्हीला एकच लॉगिन करायचं काम चालू आहे. त्यासाठी उबुंटूवर डॉकरमध्ये कीक्लोक (सगळ्या अ‍ॅपना मिळून एकच लॉगिन देणारं सॉफ्टवेअर) टाकलाय, मागं पोस्टग्रेस डेटाबेस, पुढं एनजिनएक्स (बाहेरनं आलेली रिक्वेस्ट आत पाठवणारा प्रॉक्सी), एसएसएल म्हणजे एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन एनजिनएक्सवरच संपतं आणि आत ८०८० ला साधं एचटीटीपी जातंय.

अडचण अशी की युजर पासवर्ड टाकतो, कीक्लोकच्या लॉगमध्ये लॉगिन झालेलं दिसतं, ब्राउझर अ‍ॅपकडं जातो आणि लगेच माघारी, नुसतं गोल गोल फिरतंय. टोकन (लॉगिन झाल्याचा कीक्लोकनं अ‍ॅपला दिलेला पुरावा) उघडून बघितलं तर इश्युअरचा, म्हणजे ते टोकन देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता एचटीटीपीनं सुरू होतोय आणि अ‍ॅपला एचटीटीपीएस पाहिजे, माझ्या मते मूळ दुखणं हेच. एनजिनएक्समधनं एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (मूळ रिक्वेस्ट एचटीटीपीएस होती हे सांगणारं) जातंय, कीक्लोकच्या केसी_प्रॉक्सी_हेडर्स सेटिंगला एक्सफॉरवर्डेड दिलंय, रिडायरेक्ट यूआरआय (लॉगिननंतर अ‍ॅपकडं परतायचा पत्ता) शेवटच्या स्लॅशसकट तपासला, सर्व्हरची घड्याळं पण एनटीपीनं जुळवलेली आहेत. तरी जैसे थे.

कीक्लोकचा बाहेरचा पत्ता ठरवणारं केसी_होस्टनेम अजून दिलेलं नाही, त्यात नुसतं डोमेन द्यायचं का एचटीटीपीएससकट अख्खा पत्ता? आणि अ‍ॅप टोकन घ्यायला आतल्या आयपीवरनं कीक्लोककडं जातंय, त्यामुळं तर इश्युअर बदलत नसंल? जुन्या लेखांत केसी_प्रॉक्सीला एज द्या म्हणतात, पण ते सेटिंग २४ व्या व्हर्जनपासनंच मोडीत काढायला घेतलं होतं, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

पाळीवर येणारी पोरं मशीनजवळच्या एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं लॉगिन करणार आहेत, त्यामुळं कच्चं काही ठेवायचं नाही. कुणाकडं चालू असलेली एनजिनएक्स कॉन्फिग असंल तर टाका की जरा.